भोंग्यावर आलेलं नाव

संजीवने, तो शालिग्राम भोंग्यावर बोलते तवा त्याले कोनी हात धरून खाली काऊन बसवत नाही, हे मले आधी सांग! (बाकी तू अन् जवाईबापू बरे असान. तुह्या लेकीले, छकुलीले आशीर्वाद. इकडं जीव बरा हाय, तोंड दाखवाले जागा नाही. फोनवर सांगवत नाही, म्हनून कागद.)

आमच्या वरवटात गाडी आली, तळून उरलेलं तेल जमा कराले. त्याचं म्हने डिझेल बनते. गाडीतल्या सायबानं अर्धा घंटा सांगतलं का तेच तेल घडीघडी तापवलं तं काळजाले वाईट, नालीत ओतलं तं नाली तुंबते. आमी बायाईनं जांभया देल्या. मंग ग्रामपंचायतीचा चपराशी, हाच शालिग्राम, भोंग्यावर म्हने, उद्या जो तेल देईन त्याचं नाव मापासगट पुकारतो. अवं, काळीज अन् नाली तिथंच राह्यली, अर्धं गाव डबे धुंडाळाले पळालं! समोरची आशाबाई तं सांजच्यालेच अडीच लिटर देऊन आली, अन् आयकू नाही आलं म्हनून आपलं नाव दोनदा पुकारून घेतलं.

माह्या घरी उरलेलं तेल कुठचं? उरते ते भाजीत जाते, गाळ फाटकाच्या बिजागरीले. तुह्ये भाऊजी म्हने, राहू दे ना वं. मी कायची राहू देते! पाच लिटरचा नवा डबा फोडला, कढई चढवली, अन् तेल वापरलेलं दिसावं म्हनून हाताले लागल्या त्या कुरडया तळत बसली. तेल काळं पडनं दूरच, कुरडयाच तेल पिऊन बसल्या! साडेतीन लिटर राह्यलं. गल्लीतल्या पोट्ट्याईनं, वाटेनं जानाऱ्याईनं, साऱ्याईनं कुरडया खाल्ल्या.

सकाळी तोऱ्यात डबा नेला. सायबानं बोट बुडवलं, वास घेतला. "मावशी, हे तं चांगलं तेल हाय. घरी वापरा." अन् भोंगा चालूच! शालिग्राम म्हने, "रुखमाबाईचं तेल वापस." साऱ्या गावानं आयकलं. दुपारी आशाबाई दारात. "तेल वापस आलंच हाय तं चार कुरडया तळा ना चायसंगं." मी म्हनलं, सरल्या.

तुही मोठी बहीन,
रुखमा

ता.क. त्या कुरडया माह्या नव्हत्या. तुह्या घरी उंदरं म्हनून छकुलीच्या रुखवताचे दोन डबे तू माह्याकडं ठेवले होते ना, ते. झाकनावर तुनं कुंकवाचं बोट लावलं होतं. मले दिसलं होतं. तरी उघडले.

अजून एक. लग्न पुढच्या शुक्रवारी. कुरडयाचे गहू तीन दिवस भिजतात, वाळाले दोन उन्हं लागतात. गहू अन् सोऱ्या घेऊन मी तुह्या घरी येते, छकुलीले मीच सांगते. उंदराच्या नावावर खपवनार नाही. तू मले दारात उभं करशीन का नाही, तेवढं शनवारच्या दुपारपर्यंत कळव. अन् फोन केलाच तं हळू बोल, तुहा आवाजई भोंग्यावानीच हाय.