शिरोरेघ अखंड

मंगळवार, बजाजनगर. दिवे लागलेत, भाजी चिरायची आहे, पण हे आधी.

जमलं! आज दुकानातल्या गाड्यांवरचं रेडियम कापायच्या मशीननं मराठी नाव अखंड कापलं.

आमचे हे कायम गिऱ्हाइकाला सांगायचे, "रेडियममध्ये मराठी नीट येत नाय, इंग्रजीत घ्या." मला ते लागायचं. आज मंदाताई आल्या. नव्या टेम्पोच्या काचेवर लेकीचं नाव हवं, वैष्णवी, तेही मराठीतच. ह्यांनी तोंड उघडायच्या आत मी "व्हय" म्हणून बसले.

मग फजिती. कॉम्प्युटरवर अक्षरं एकमेकांवर जराशी चढलेली असतात. पडद्यावर शिरोरेघ सलग दिसते, पण मशीन प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं. नावाभोवतीचं जादा रेडियम सोलायला गेले तर रेघेचे तुकडे बोटाला चिकटून आले. हे हसले. "सांगितलं होतं ना?"

असा राग आला! आणि रागातच आठवलं, शाळेत आपण रेघ शेवटीच ओढायचो की. अक्षरं आधी, रेघ नंतर. तसंच केलं. पडद्यावर सगळ्या अक्षरांच्या माथ्यावर रेघेसारखी एकच लांब पट्टी टाकली, सगळं निवडलं आणि वेल्ड, म्हणजे आकार एकत्र जोडायचं बटण, दाबलं. आतल्या कडा गायब, सगळ्याचा एकच आकार!

पुन्हा कापलं. भोवतालचं रेडियम श्वास रोखून सोललं. नाव हललंसुद्धा नाही.

ह्यांनी शिरोरेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. जोड कुठंच लागेना.

"लई भारी," एवढंच म्हणाले. मग बाहेर जाऊन आमच्याच दुकानाच्या इंग्रजी पाटीकडं बघत उभे राहिले.

"ही उद्या उतरवतो. नवी तू कर."