अकराव्या मजल्यावरचं मासळीचं खत

मंगळवार, संध्याकाळ

हातांना अजून वास येतोय. तीनदा साबण लावून झाला.

बोईसरच्या त्या झाडांच्या टॉवरमध्ये मी कुंड्या सांभाळतो. एवढी उंच बिल्डिंग आणि प्रत्येक गॅलरीत झाडं. अकराव्या मजल्यावरचा चाफा पिवळा पडत चालला होता, म्हणून मुरब्याच्या कोळीवाड्यातून सुक्या मासळीचं खत आणून घातलं. आमच्या वाडीत चिकूला, नारळाला तेच घालतात. वास वरच्या घरांत जाईल हे डोक्यातच आलं नाही. वाडीत झाडाच्या वर कोण राहतं?

आज बाराव्यावरच्या काकू खाली आल्या. "अरे, माझ्या देवघरात बोंबील शिजवतोस काय रे?" सुपरवायझर आधी हसला, मग म्हणाला, "उद्या सगळी माती काढ. नाहीतर येऊच नकोस."

माती उकरली तर मुळं तुटणार. कालच चाफ्याला नवं पान फुटलंय.

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "वरून चार बोटं कोरडी माती टाक. आठ दिसांत वास जातो. पन तू कुठं आठ दिस टिकतोस? उमरोळीची नर्सरी सोडलीस, पाम गावचा कारखाना सोडलास."

राग आला. पण खोटं काय बोलले?

परत हात हुंगले. आहेच.

उद्या आधी काकूंची बेल वाजवणार. माफी मागणार, आठ दिवस मागणार. हाकललं तर हाकललं. या वेळी आपणहून निघायचं नाही.