एकटीनं राखलेलं घर

२ जानेवारी
आज छताच्या पन्हळी साफ केल्या. म्हणजे मी केल्या! नवरा खाली शिडी धरून उभा. निलगिरीचा वाळका पाला घमेली भरभरून निघाला. "आता बास गं, उतर" — दहा वेळा. डेसला उंचीची भीती, आगीची भीती, माझीही भीती. अशा माणसाबरोबर एकतीस वर्षं काढली.

५ जानेवारी
मेलबर्नहून मागवलेला पंप बसला. पहिल्याच हिसक्याला सुरू! छतावरचे फवारे चालवून पाहिले. एकाचं तोंड किड्यांनी मातीनं लिंपलं होतं, सुईनं कोरून काढलं. जमिनीवरून गेलेला प्लास्टिकचा पाइप फेकला, तांब्याचा घातला. प्लास्टिक पहिल्या झळीला वितळतं.
डेस म्हणाला, "एवढं करण्यापेक्षा वणवा येईल त्या दिवशी गावात जाऊन बसू की."
बस जा.

११ जानेवारी
शेजारची व्हर्ना जेवायला होती. ती आग विझवणाऱ्या दलात आहे. टाकी, पंप, सगळं वाकून वाकून पाहिलं. "पाणी भरपूर आहे. वेळ आली तर थांबणार कोण?"
मी म्हटलं, "मी. हा पडद्याआडून बघेल."
व्हर्ना हसली नाही. डेस मान खाली घालून मटण कापत राहिला. नंतर भांडी घासताना म्हणाला, "लोकांसमोर तरी नको ना."
"बरं. यापुढे एकट्यात," मी म्हटलं.

१९ जानेवारी
टाकी काठोकाठ. पन्नास हजार लिटर.

२४ जानेवारी
डेसनं गुपचूप बॅग भरली होती. कपडे, कागदपत्रं, भिंतीवरचे फोटो. मी त्याच्यासमोर एकेक फोटो काढून परत टांगला. डोळ्यांत पाणी त्याच्या. रडका मेला!

३० जानेवारी, सकाळ
चव्वेचाळीस अंश. उत्तरेचा वारा. रेडिओवर एकच — निघायचं असेल तर आत्ता निघा.
डेस गाडीची किल्ली घेऊन उभा. "चल ना. हात जोडतो."
"हे घर माझ्या वडिलांनी बांधलंय."
"जळू दे गं घर! तू चल."
मग मी बोलले. इतकी वर्षं गिळलेलं. "तू जा. मूल द्यायला जमलं नाही तुला. निदान घर तरी राहू दे मला."
त्यानं कुत्र्याला गाडीत घेतलं आणि गेला.
बरं झालं. पन्हळींच्या नळ्यांत टेनिसचे चेंडू कोंबलेत. पन्हळी पाण्यानं भरताहेत.

३१ जानेवारी
वाचलं! घर वाचलं!!
काल तीनच्या सुमाराला आग टेकडीवरून आली. दुपारचा काळोख झाला. आवाज असा, की डोक्यावरून मालगाडी जातेय. फवारे चालू, मी ओलं घोंगडं पांघरून आत. मोठी लाट ओसरली तशी बाहेर आले. ठिणग्या ओंजळीनं फेकल्यासारख्या. ओसरीचा खांब दोनदा पेटला, दोनदा विझवला. मोरीच्या खिडकीखाली पायपुसणं पेटलं, ते लाथेनं उडवलं. भुवया गेल्या. हात भाजलेत, अक्षर वाकडं येतंय.
गोठा गेला. कुंपण गेलं. घराची एक काचसुद्धा तडकली नाही.
एकटीनं केलं!
फोन बंद. डेस गावातल्या शाळेत बसला असेल, चहा पीत. येऊ दे. काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलंय.

१ फेब्रुवारी
रस्त्यावर झाडं आडवी. अजून आला नाही. तोंड दाखवायची लाज वाटत असेल.

२ फेब्रुवारी
व्हर्ना चालत आली. दारातच टोपी काढली.
डेसनं त्या दिवशी कुत्रं गावात तिच्या बहिणीकडे सोडलं. दोन वाजता. बहीण म्हणाली, थांब, वारा फिरलाय. "ती एकटी आहे," म्हणाला.
गाडी ओढ्याच्या वळणावर जळालेली सापडली. तोंड घराकडे होतं.