कानामागची सूज

प्रिय ज्योतीराम,

ऑपरेशन लागेल या माझ्या कालच्या तारेवर तुझी उलट तार सकाळी मिळाली. ‘ऑपरेशन नको. मी येतोय. थांबा.’ तारेत शब्दागणिक पैसे पडतात म्हणून तू शिव्या गाळल्यास, हे कळलं. बार्शीहून येऊन तू आधी दापोडीला घरीच उतरशील, म्हणून हे पत्र शेजारच्या मारुतरावांबरोबर तिकडे पाठवतोय. तुझी वहिनी ते पाण्याच्या तांब्याआधी तुझ्या हातात ठेवील. मी पुण्यात, इस्पितळाच्या बाकावर बसलोय.

सुमनला तू शाळेसाठी माझ्याकडे ठेवलंस तेव्हाच तिचा कान वाहत होता. आपल्या घराण्यात त्याला कुणी दुखणं मानतच नाही. दुर्गाआत्याचा कान वाहता वाहता तिला नातवंडं झाली. कान ठणकतो, फुटतो, पू येतो, ठणका थांबतो आणि घर म्हणतं, ‘घाण गेली, बरं झालं!’ तुझ्या वहिनीनं लसणीचं तेल कोमट करून घातलं, तर डॉक्टर तिच्यावर उखडले: ‘बाई, फाटलेल्या पडद्यातून फोडणी कशाला ओतता?’ सर्दी नाकामागच्या नळीतून कानात चढते म्हणे, आणि पोरांची ही नळी आखूड असते. थोडा पू बाहेर आला तरी उरलेला आत हाड पोखरत बसतो.

आता औषधाचं ऐक. पिंपरीत पेनिसिलीनचा कारखाना निघाल्यापासून आम्ही तिथले कामगार स्वतःला धन्वंतरीचे चुलतभाऊ समजतो. गल्लीत कुणाला ठेच लागली तरी मारुतराव ओरडतात, ‘इंजेक्शन घे की राव, आपल्याच घरचं हाय!’ पाडव्याच्या सुमारास सुमनला ते दिलं आणि तिच्या अंगावर गांधी उठल्या. आम्ही शहाण्यांनी त्याला पित्त ठरवलं, आमसुलाचं पाणी चोळलं आणि शेंगदाण्याच्या चटणीला दोष दिला. पित्त ही काय डॉक्टरांना सांगायची गोष्ट?

गेल्या आठवड्यात कान पुन्हा ठणकला, ताप चढला. सुई टोचून डॉक्टर हात धुताहेत, तोवर पोरीचे ओठ सुजले, आवाज बसला, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. दुसरी सुई मारून त्यांनी तिला अक्षरशः ओढून परत आणलं. मग मला विचारलं, यापूर्वी अंगावर काही उठलं होतं का. मी म्हणालो, पित्त.  ते म्हणाले, याला अ‍ॅलर्जी म्हणतात. शरीरानं एखाद्या गोष्टीशी वैर धरलं की पहिल्या खेपेला ते नुसतं डोळे वटारतं, दुसऱ्या खेपेला गळा धरतं. तिसरी खेप होऊ द्यायची नाही. ज्या बाटल्यांना मी दिवसभर बुचं बसवतो, त्यांतला एक थेंबही आता तिला चालणार नाही.

पेनिसिलीनऐवजी दिलेल्या सल्फाच्या गोळ्या लागू पडल्या नाहीत. कानामागे एवढी सूज आलीय की कान पुढे लोटला गेलाय, मान वळत नाही. आज डॉक्टर म्हणाले, हाडातला पू आता लगेच काढायचा. तो मेंदूकडे सरकला तर मग काढून उपयोग नाही.

ज्योतीराम, कौशल्या ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नाही, हे मी विसरलेलो नाही. बायको तिथे गेली, आता लेक तिथे जाऊ द्यायची नाही, एवढंच तुझ्या तारेत होतं. तुझ्या जागी मीही हेच लिहिलं असतं. पण मी थांबलो नाही. वडिलांच्या संमतीशिवाय हात लावणार नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मला विचारलं, ‘तुम्हीच वडील ना?’ मी ‘होय’ म्हणालो. सुमन तिथेच स्ट्रेचरवर होती. तिचा एक कान अजून शाबूत आहे, तिनं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं, पण मला खोटं पाडलं नाही. मग तिला आत नेलं. दार अजून उघडलेलं नाही.

ये, आणि जे बोलायचं ते मलाच बोल.

तुझाच,
उद्धवदादा