पुंडलिकभाऊंचं फुप्फुस

४ जानेवारी २०२२
अमरावतीहून जबलपूरला पोचले. चेरीतालला खोली मिळाली. खिडकीतून दुपारभर ऊन येतं आणि घरमालकीण हेमलताकाकू आमच्याकडच्याच, वर्ध्याच्या. आल्या आल्या पोहे दिले. नोकरी चालत वीस मिनिटांवर, एका खाजगी दवाखान्याच्या मागच्या इमारतीत. डॉ. श्यामसुंदर, म्हणजे आमचे सर, यांनी काम समजावलं. रुग्णाच्या छातीच्या स्कॅनवरून संगणकात त्याचं फुप्फुस उभं करायचं: श्वासनळी, तिच्या दोन फांद्या, त्यांच्या चार, अशा हजारो. दम्यात फांद्यांभोवतीचे स्नायू आवळतात, पण कोणत्या आधी आणि का, ते बाहेरून दिसत नाही. मॉडेलमध्ये दिसेल. बाबांना फोनवर अर्धा तास हेच सांगत बसले.

७ जानेवारी
पहिला रुग्ण भेटला. पुंडलिकभाऊ, चाळिशीचे, भेडाघाटला संगमरवराच्या मूर्ती घडवतात. सोबत बायको, अंजनीवहिनी. आपसात मराठी बोलतात, सरांशी हिंदी. त्यांना फुंकायची नळी दिली. रोज सकाळी जोरात फुंकायचं आणि काटा थांबेल तो आकडा मला कळवायचा. निघताना भाऊ म्हणाले, "ताई, तुमच्या कम्प्युटरातला पुंडलिक तरी नीट श्वास घेऊन राहिला ना?"
मॉडेल ३४० म्हणतं. ते फुंकतात २९०.

१८ जानेवारी
अकरा दिवस झाले, जुळत नाही. नळ्यांची जाडी बदलली, स्नायूंचा ताण बदलला. एकीकडे जुळवावं तर दुसरीकडे बिघडतं. सर रोज दारातून डोकावून एवढंच विचारतात, "हुआ?" आज वैतागून ताण भलताच वाढवला, तर आकडा थेट २१०. तसंच सोडून घरी आले. काकूंशीही धड बोलले नाही.

१९ जानेवारी
भाऊंचा निरोप: आज २१०. पहाटेपासून खोकला.
योगायोग असेल. दुपारी ताण बराच कमी केला. मॉडेल ४३०.

२० जानेवारी
४३०. तीनदा वाचलं.
वहिनींचा फोन आला, हसत होत्या. "दीदी, नदीपासून वरपर्यंत न थांबता चढून आले हे! काय औषध दिलं तुम्ही?"
मी काहीच दिलं नव्हतं.

२४ जानेवारी
चार दिवस ताण थोडा थोडा वरखाली करून पाहिला. चारही दिवस भाऊंचा आकडा मॉडेलच्या मागोमाग गेला. सरांना नोंदी दाखवल्या. म्हणाले, उत्तर जुळत नाही म्हणून तू मोजमापच बदलतेयस. मी म्हटलं, भाऊंना विचारा. विचारलं नाही. शेवटी मॉडेल ४३० वर ठेवलं आणि फाइलला पासवर्ड लावला.

२ फेब्रुवारी
सरांनी पासवर्ड काढायला लावला, माझं लॉगिन बंद केलं. वर म्हणाले, दमाच नसेल तर हे मॉडेल कशाचं? उद्या भोपाळहून पाहुणे येणार. त्यांना तीव्र झटका दाखवायचाय, याच फुप्फुसावर. मी हात जोडले. दुसरं, कल्पित फुप्फुस घ्या म्हटलं. तयार आहे का, विचारलं. नाही तयार. महिनाभर मी हेच एक जुळवत बसले होते. चीड येते, सरांची की माझी, कळत नाही.

३ फेब्रुवारी, सकाळ
वहिनींना फोन केला. भाऊंना लगेच दवाखान्यात आणा, पंप जवळ ठेवा. त्या म्हणाल्या, "काहून? ते तर चांगले हायेत." काय सांगणार? फक्त या म्हटलं. निघाल्या.
सर सुरू करतायत.

११.१०
पडद्यावर खालच्या फांद्या लाल. एकेक मिटतेय. पाहुणे वाकून बघतायत.
वहिनींचा फोन. रिक्षा शहरात शिरलीय, गढा भागात. भाऊंना बोलता येत नाही. फोन सरांपुढे धरला, धाप ऐकवली. त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं.

११.१४
मशीनची तार उपटली. पडदा काळा. सर ओरडतायत.

११.१६
वहिनी म्हणतात, धाप थांबली. हुश्श —
नाही. श्वासच नाही. आत नाही, बाहेर नाही. छाती अर्धी वर आलेली, तशीच. डोळे उघडे. वहिनींकडे बघतायत —

११.१७
तार लावली. आता सरच कीबोर्डपाशी. त्यांनीही ऐकलं. पडद्यावर अपडेट. मशीन बंद करू नका म्हणे. चार टक्के.

फोन चालू आहे. वहिनी त्यांना नावानं हाका मारतायत. कधी नाव घेतलं नव्हतं त्यांनी माझ्यासमोर —

सात.

हात रिकामे, म्हणून लिहितेय. रिक्षावाला म्हणतो, पहुँच रहे हैं, बस दो मिनट —

सात. अजून सातच. सर, दाबा ना काहीतरी, सर —

वहिनी गप्प का झा