शमुवेलभाऊंच्या हातचं पाणी

धुळे,
१८ सप्टेंबर १९८८

तीर्थरूप भाऊस,
लताचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं कार्ड पोचलं. वहिनी आणि पोरं मजेत असतील. केळीला यंदा भाव बरा आहे, वॅगनीही वेळेवर भरल्या, हे वाचून बरं वाटलं. आई अजून माझ्या खोलीवरच आहे आणि तब्येत पुष्कळ सुधारली आहे. काल तिने भाकरी मागितली. मी केली तर म्हणाली, "ही भाकर हाये का पापड?" म्हणजे समज, आई बरी झाली.

मीही बरी आहे. पुन्हा शाळेत जायला लागले. खुर्चीवर बसून शिकवते, एवढंच.

आता तुझ्या कार्डाचं. "आईची शुद्धी केल्याशिवाय घरात कसं घ्यायचं, भाऊबंद ऐकत नाहीत," असं लिहिलंस. अरे, उघड्या कार्डावर लिहिलंस! पोस्टमनने मलाच विचारलं, "बाई, मावशी ख्रिस्ती झाल्या का हो?" झुलालकाकांनी आपल्या सावद्याला जाऊन काय डांगोरा पिटला ते तेव्हा कळलं. काका मिशनच्या दवाखान्यात आम्हाला बघायला आले तेव्हा वॉर्डात सकाळची प्रार्थना चालली होती. आईने डोळे मिटून हात जोडले होते हे खरं. पण तोंडाने काय म्हणत होती ते जवळ येऊन ऐकायचं ना! ती मनुदेवीला साकडं घालत होती. चार माणसं हात जोडून उभी असताना आपण तंगड्या पसरून पडणं तिला बरं दिसेना. काका दारातूनच नाकाला रुमाल लावून परत फिरले. त्यांनी आणलेली केळ्यांची फणी मात्र सगळ्या वॉर्डाने खाल्ली, तेवढे आभार कळव.

सध्या नववीला मी रोमचं साम्राज्य शिकवते आहे. पुस्तकात चार ओळी आहेत. आधी ख्रिस्ती लोकांचा छळ झाला, मग सम्राट कॉन्स्टंटाइनने त्यांना मोकळीक दिली, पुढे त्यांचाच धर्म साम्राज्याचा धर्म झाला. दरवर्षी मी हे घडाघडा सांगते आणि मोकळी होते. यंदा एका पोरीने हात वर केला. "बाई, पण सम्राटाने दखल घ्यावी इतके ते आधी वाढले कसे?" मग मी लायब्ररीत जाऊन वाचत बसले.

भाऊ, रोममध्येही मोठमोठ्या साथी आल्या होत्या. शहरंच्या शहरं ओस पडली. लोक घरचं आजारी माणूस रस्त्यावर टाकून पळाले, वैद्यसुद्धा पळाले. ख्रिस्ती मंडळी पुष्कळ ठिकाणी थांबली. आपल्यांना आणि परक्यांनाही त्यांनी पाणी पाजलं, पेज भरवली, मेलेल्यांना माती दिली, आणि त्यात त्यांच्यातलेही कितीतरी मेले. नुसत्या पाण्या-पेजेनेही माणसं वाचतात रे. जी वाचली ती पाणी पाजणाऱ्याला विसरली नाहीत. पुढे सत्ता हाती आल्यावर याच लोकांनी दुसऱ्यांची देवळं बंद पाडली, तेही मी वर्गात सांगितलं. पण साथीचं सांगताना मी दोनदा थांबून पाणी प्यायले. पोरींना वाटलं, बाई अजून आजारीच आहेत.

तू म्हणशील, ही मास्तरीण मला रोम कशाला शिकवते आहे. सांगते.

तू आईला माझ्याकडे पोचवायला आलास आणि आमच्या गल्लीत कॉलरा शिरला. आम्ही दोघी एकदमच पडलो. तूच टांगा आणलास, तूच आईला उचलून मिशनच्या दवाखान्यात नेलंस. व्हरांड्यापर्यंत खाटा, ती घाण, तो वास. दुपारी तू दाराशी पिशवी ठेवलीस आणि म्हणालास, "वॅगन भरायची आहे, उद्या येतो." मी मान हलवली. तू आला नाहीस.

मी दोष देत नाहीये, खरंच नाही. घरी तुझी लहान पोरं होती, त्यांच्या काळजीने तुझा जीव उडाला असेल. ज्या भावाने भाऊबंदांशी भांडून मला भुसावळच्या कॉलेजात घातलं, "पोरगी शिकली तर काय केळी वाकडी येतील का?" असं भर चावडीवर विचारलं, त्याच्यावर एका दुपारसाठी रुसले तर माझी जीभ झडेल. मी आज जी आहे ती तुझ्यामुळे आहे.

पण आईजवळ कोण होतं ते तुला कळायला हवं. शमुवेलभाऊ म्हणून वॉर्डातले ब्रदर आहेत, म्हणजे पुरुष नर्स. सलाईन लावलेलं असताना आई भ्रमात, तूच आहेस असं समजून, त्यांचा हात धरून "अभिमन, अभिमन" करत होती. त्यांनी एकदाही म्हटलं नाही की मी अभिमन नाही. "हो माय, इथंच आहे, घोटभर घे," म्हणत चमच्याचमच्याने पाणी पाजत राहिले. शेजारच्या खाटेवरून मी बघत होते. उठायचं बळ नव्हतं, नाहीतर त्यांचे पाय धरले असते. आम्हाला कुणी तुमचा देव सोडा असं चुकूनही म्हटलं नाही.

परवा मुद्दाम भेटायला गेले. विचारलं, तुमच्या लोकांनी रोम असंच जिंकलं ना हो? तर हसायलाच लागले. "बाई, मी आपला दोंडाईच्यापर्यंत गेलेला माणूस, तेही सासुरवाडी म्हणून. रोमचं तुम्हालाच ठाऊक. जरा हे टोक धरा, चादर घालून घेऊ."

आई येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगते, "माह्या अभिमननं वाचवलं मले. खाटेजवयून हालला नाही." शमुवेलभाऊ घरी तिला बघायला आले, तर त्यांच्यासमोरही तेच. त्यांनीही मान डोलावली आणि चहा प्यायले. मला वाटायचं, भ्रमातलं तिच्या डोक्यात तसंच बसलंय. काल मला राहवलं नाही. म्हटलं, आई, तो भाऊ नव्हता गं.

आई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "मले काय कयत नाही का? माह्या पोराचे हात केयीच्या चिकानं कायेभोर हायेत. ते हात मऊ होते, औषधाच्या वासाचे."

"मग सगळ्यांना असं का सांगतेस?"

"तो घाबरला असीन. आता लाजीनं येत नाही, अन् शुद्धीचं निमित्त सांगतो. मी असंच सांगत राह्यली, तं त्याले यायले तोंड राहीन."

मग माझ्याकडे बघून दटावलं, "तू त्याले हे लिहू नको." आईचं मोडून लिहिते आहे, भाऊ. तिची माया तुला न कळता राहिली असती तर मला झोप लागली नसती.

शुद्धीला ती तयार आहे. म्हणते, काय पाजायचं ते पाज, पण न्यायला तू स्वतः ये. मला विचारशील तर शुद्धीचं काही आणू नकोस. नुसता ये. आलास की आधी दवाखान्यात जाऊ. शमुवेलभाऊंना मी एवढंच सांगेन, हा अभिमन. पुढचं तुझं तू बोल.

वहिनीला नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझ्यामुळे शिकलेली आणि त्यांच्यामुळे जगलेली,
तुझी
लता