दूरच्या टोकाचं पद

मॅडम, आज कॉलेजातून आले आणि चपला न काढताच खुर्चीत बसले. हल्ली दमायला कारण लागत नाही, पण आज आहे, आणि ते तुमच्याशिवाय कोणाला सांगण्यासारखं नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून तुमच्या गणिताच्या वहीची झेरॉक्स मी दर वर्षी एम.एस्सी.च्या वर्गात वाटते. आता विभागाने त्या वहीची पुस्तिका छापायला घेतली आहे. शेवटची तपासणी माझ्याकडे, आणि उद्या सकाळी कागद छापखान्यात द्यायचे आहेत.

आज वर्गात तुमचं शेवटचं गणित घेतलं, दोन्ही टोकं वेगवेगळ्या तापमानावर धरलेल्या सळईचं. फायनाइट साइन ट्रान्सफॉर्म लावला, अवघड समीकरण नेहमीसारखं सोपं झालं, आणि पहिल्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, "मैडम, दूसरे सिरे वाला टर्म कहाँ गया?" ही मुलगी मराठी घरातलीच, पण मराठीत विचारलेल्याचंही हिंदीत उत्तर देते. तिचं बरोबर होतं. जवळच्या टोकाचं पद वहीत आहे, दूरच्या टोकाचं नाहीच. शंभर अंशांवर धरलेलं टोक तुमच्या उत्तरात बर्फात ठेवल्यासारखं वागतं. मी म्हटलं, "देखकर बताती हूँ." जणू मला पाहायला वेळ लागणार होता.

ही चूक तुमची, यावर कोणाचा विश्वास बसणार? टोकं तर तुम्हीच शिकवलीत. आम्ही गुढियारीचे, या हिंदी शहराच्या रेल्वेकडच्या वस्तीतले. वडील रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला, घरात अभ्यासाला कोपरा नाही, म्हणून तुम्ही मला रविवारी पंडरीच्या तुमच्या घरी बोलवायचात. तुम्ही स्वयंपाक करताय, मी ओट्याशेजारी स्टुलावर, मांडीवर वही. कॉलेजात तुमची हिंदी अगदी इस्त्रीची, घरात मात्र थेट नागपूरकडची बोली. कढईत वांगी परतताना तुम्ही सराटा, म्हणजे उलथणं, तसाच धरून मला विचारता, "याचं एक टोक कढईत, एक माह्या हातात. मधात काय होऊन राहिलं ते मंग पायजो. आधी टोकं सांग." मी सांगते. "मंग? त्याले साइननं गुणलं, लांबीभर बेरीज घेतली, की टोकं आपोआप बाहेर येऊन उभी राहतात. दोन्ही येतात. एकाले बसवलं अन् दुसऱ्याले दारात ठेवलं, असं नाही करायचं." आणि मग मला वांग्याची भाजी, पोळी. दुसरी पोळी न मागता ताटात पडायची.

एकदा वर्गात फळ्यावर मी दोन्ही टोकं बंद असलेल्या सळईला साइन लावला. उष्णता टोकांतून जातच नसेल तर कोसाइन घ्यायचा, एवढं साधं. तुम्ही अख्खा फळा पुसलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "सिरे देखे बिना हाथ मत चलाया करो." मी रडले, घरी जाऊन तुम्हाला मनसोक्त शिव्या दिल्या. पुढल्या रविवारी गेलेच नाही. त्याच्या पुढल्या रविवारी गेले तर तुम्ही दार उघडून एवढंच म्हणालात, "काहून आली नाही वं पोट्टी? भाजी उरली ना." नोकरी लागली तेव्हा तुमची ही वही तुम्ही मला दिलीत, कव्हर घालून, आत मागची दहा पानं कोरी ठेवून.

त्या कोऱ्या पानांतल्या पहिल्या पानावर हे शेवटचं गणित आहे. तुमचं विसरणं सुरू झालं होतं. वही परत मागून घेतलीत, दोन महिने ठेवलीत. मी न्यायला आले तेव्हा पान उघडून माझ्यासमोर धरलंत. "पाय बरं, काही राहिलं का. आता माह्या ध्यानात नाही राहत." मी पाहिलं आणि म्हटलं, "सगळं बरोबर हाय मॅडम." तुम्ही लहान पोरीसारख्या खूश झालात. "मंग दे वाटून पोट्ट्यायले," म्हणालात. मी वाटलं. फळ्यावर मात्र अकरा वर्षं ते गणित घेतलं नाही. अभ्यासक्रम संपत नाही, हे कारण नेहमी तयार. आज पुस्तिकेसाठी घ्यावंच लागलं.

दुपारी विभागप्रमुखांना सांगितलं की चूक मला वही न्यायला आले त्या दिवशीच दिसली होती. ते हळवे झाले. म्हणाले, "आपने उनका मन रखा. चुपचाप जोड़ दीजिए, किसे पता चलेगा." मी मान हलवली. माझी मान फार लवकर हलते, मॅडम.

आता पद लिहिलं आहे, पेनाने, तुमच्या ओळीखाली. चुपचाप नाही. खाली त्या मुलीचं नाव घातलं, तिने दाखवलं म्हणून, आणि तेव्हा पान तपासणारीने, म्हणजे मी, चूक पाहूनही सोडली होती, असंही लिहिलं. छापतील की काढून टाकतील, कोण जाणे.

पण तिथे एक गोष्ट लिहिली नाही. मी तुमचं मन राखलं नव्हतं. त्या दुपारी, सकाळपासून पेपर तपासून डोळे चुरचुरत होते, ऊन मी म्हणत होतं, आणि चूक सांगितली असती तर तुम्ही मला स्टुलावर बसवून सगळं पहिल्यापासून करायला लावलं असतं. तास गेला असता. ओट्यावर सराटा ठेवलेला होता, भाजी झाकलेली होती. मला फक्त घरी जायचं होतं.